दोऱ्याचं तुटलेलं टोक

सेलूला मोतीलालशेठच्या गोदामात भागीरथा मडावी कामाला लागली तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता ते पार पांढरे झाले, शेठचा मुलगा गादीवर बसायला लागला, काट्याच्या जागी लाल आकडे दाखवणारी मशीन आली. पण भागीरथेचं काम तेच राहिलं. बारदाना. म्हणजे रिकामी पोती झटकायची, उंदरांनी पाडलेली भोकं शिवायची, आणि भरलेल्या पोत्यांची तोंडं उघडून द्यायची. यात मोठं काय, असं कोणाला वाटलं तर त्याने एकदा येऊन एक पोतं उघडून दाखवावं.

भरलेल्या पोत्याचं तोंड मशीनने शिवलेलं असतं, साखळीच्या टाक्याने. त्या शिवणीचं बरोबर टोक धरून ओढलं तर ती या कडेपासून त्या कडेपर्यंत सरसर उसवते आणि सबंध दोरा हातात येतो. चुकीचं टोक धरलं तर टाका असा आवळून बसतो की मग चाकूच घ्यावा लागतो, आणि चाकू लागला की पोत्याचं वाटोळं. तानबा हमालासारखा आडदांड गडीसुद्धा टोक शोधता शोधता पोत्याच्या आईमाईचा उद्धार करायचा. भागीरथा नुसती नजर टाकायची, चिमटीत टोक धरायची आणि एक झटका द्यायची. शेठकडे बाहेरगावचे व्यापारी आले की शेठ त्यांना हे मुद्दाम दाखवायचा. भागीरथा तेव्हा पदर खोचून, तोंडावर काहीच न दाखवता झटका द्यायची आणि दोरा मनगटाला गुंडाळत बाजूला व्हायची. गर्व नव्हता असं नाही. गरिबाला एखादी गोष्ट चांगली येत असली तर त्याने ती मिरवू नये, असं ज्यांना वाटतं त्यांना खुशाल वाटो.

निघालेले दोरे ती घरी न्यायची. पांढरा, चिवट, फुकटचा दोरा. टाकून कसा द्यायचा? तिच्या घरात एक वस्तू सुटी नव्हती. वालाचा वेल त्या दोऱ्याने चढलेला, झाडू त्याने बांधलेला, पाण्याच्या टाकीचं झाकण त्याने आवळलेलं. सून सोनम म्हणायची, "आई, एखाद्या दिवशी मलेही बांधून ठेवान तुमी." सासू हसायची. दोघींचं बरं होतं. मुलगा नागेश मालवाहू ऑटो चालवायचा, दिवसभर सेलू ते वर्धा फेऱ्या मारायचा. घरात भांडण नव्हतं, उपासमार नव्हती. पण एका गोष्टीत भागीरथा त्या घरात एकटी होती, आणि ती गोष्ट म्हणजे तिची भाषा.

तिचं माहेर कारंजा घाडग्याच्या पलीकडचं, जंगलाला लागून असलेलं. तिथे आई, मावशा, शेजारीपाजारी सगळे गोंडीत बोलायचे. नवरा पुनाजी होता तोवर रात्रीच्या जेवणाला घरात गोंडी असायची. पण नागेश शाळेत जायला लागला, पोरं त्याला चिडवायला लागली, आणि एक दिवस तो रडत घरी आला. त्या दिवसापासून भागीरथेने पोराशी गोंडी बोलणं बंद केलं. त्याच्या भल्यासाठीच केलं. पुढे पुनाजी गेला, माहेरची माणसं एकेक करून गेली, आणि तोंडात भाषा असून ऐकणारं कोणी राहिलं नाही. नागेशला आता आईच्या भाषेतला पाण्याचा शब्दही आठवत नाही.

मग बोंड्या आला. गोदामात बारदान्याच्या ढिगाऱ्यात कुत्री व्यायली होती, तिचं एक पिल्लू मागे राहिलं. अंगाने मातकट, पण शेपटीचं टोक पांढरं, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं. शेठ म्हणाला, "बाहेर टाका त्याले." भागीरथेने त्याला फाटक्या पोत्यात घातलं आणि घरी आणलं. पहिल्याच रात्री पिल्लू कुंईकुंई करत होतं तेव्हा तिच्या तोंडून आपोआप गोंडी निघाली, आई तिला झोपवताना म्हणायची तसली. पिल्लू गप्प झालं.

तेव्हापासून बोंड्याशी ती गोंडीतच बोलायची. ये, बस, खा, सरक, इतकंच नाही. शेठचा मुलगा आज कसा खेकसला, गुडघा कसा दुखतो, पुनाजी असता तर काय म्हणाला असता, असलं सगळं. संध्याकाळी ती अंगणात बसायची, बोंड्या समोर पुढचे पाय पसरून बसायचा आणि मान या बाजूला, त्या बाजूला करत ऐकायचा. सोनमने मराठीत हाक मारली तर तो ढिम्म हलत नसे. सोनम म्हणायची, "तुमच्या कुत्र्याले मराठी काऊन शिकवत नाई?" भागीरथा म्हणायची, "त्याले कोणत्या शाळेत जायाचं आहे?"

तर गोष्ट यंदाच्या पोळ्याच्या करीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भागात घरोघरी मटण शिजतं. वस्तीतल्या लोकांनी मिळून बकरा घेतला होता. वाटे पाडायच्या जागी भागीरथा सकाळीच गेली, आपला वाटा पळसाच्या पानांत बांधून घेतला. बांधायला दोरा अर्थातच तिचा. जाण्याआधीच तिने विळीवर कापून कमरेला खोवला होता, चांगला लांबलचक. पुड्याला वेढ्यावर वेढे घातले, गाठ मारली आणि घरी आणला. सोनमने पुडा सोडला, मटण धुवायला घेतलं, आणि रक्ताने भिजलेली पानं दोऱ्यासकट अंगणाच्या कोपऱ्यात टाकली. सोनमचा यात दोष नाही. पानं टाकायचीच असतात.

चुलीवर रस्सा उकळत होता तेव्हा सोनम बाहेर आली आणि थबकली. पानांच्या चाटून चाटून चिंध्या झाल्या होत्या आणि दोरा नव्हता. बोंड्या मान खाली घालून पुढच्या पंजाने तोंड खाजवत होता. ओठाच्या कोपऱ्यातून बोटभर पांढरा दोरा लोंबत होता.

"आई, यानं दोरा गिळला."

नागेश आंघोळ करून बाहेर आला होता. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "माय, वर्ध्याले नेऊ का याले? गाडी उभीच आहे. जनावराचा दवाखाना चालू असंन."

इथे जर भागीरथा नुसतं 'ने' म्हणाली असती. एवढंच. पण तिला हसू आलं. दोरा! आणि तोही तिचा दोरा, पोत्याचा. आयुष्य गेलं ज्या बाईचं दोरा ओढण्यात, तिने दोरा काढायला डॉक्टर शोधायचा? तानबाला कळलं तर तो गोदामभर सांगत सुटेल.

"दोरा काढाले डॉक्टर कायले पाह्यजे?" ती म्हणाली. "लोक हासतीन मले. आण त्याले इकडे."

तिने बोंड्याला मांडीवर घेतलं, गोंडीत त्याला गप्प राहायला सांगितलं, आणि तो राहिला. तिच्याशी तो कधी दांडगाई करत नसे. तिने टोक चिमटीत धरलं. हलकेच ओढलं. दोरा थोडा आला, लाळेने माखलेला. आणखी थोडा आला आणि अडला. बोंड्याच्या घशातून बारीक आवाज निघाला. पोतं असतं तर ती इथे थांबली असती, कारण अडलेला टाका म्हणजे चुकीचं टोक, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सून बघत होती, मुलगा बघत होता. आणि पोटात काय शिवण असते थोडीच, असंही तिला वाटलं. तिने झटका दिला.

बोंड्या केकाटला आणि दोरा हातात आला.

"निंघला," सोनम म्हणाली आणि तिने सुटकेचा श्वास सोडला.

भागीरथेने हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. कापलेलं टोक कोणतं आणि तुटलेलं कोणतं, हे तिला डोळे मिटूनही बोटांनी सांगता आलं असतं. हा दोरा सकाळी तिनेच कापला होता, दोन्हीकडून. हातातल्या तुकड्याचं एक टोक तसंच होतं, साफ. दुसरं टोक पिंजलेलं होतं. आणि पुड्याला एवढे वेढे घातले होते, हातात आलेला तुकडा त्यातल्या एका वेढ्यालाही पुरला नसता.

हे सगळं तिला एका नजरेत दिसलं. दिसलं नाही असं ती पुढे स्वतःला कधीच सांगू शकली नाही.

"निंघला का पुरा?" नागेशने विचारलं.

तिने मूठ मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. "पुरा," ती म्हणाली, आणि चुलीपाशी जाऊन दोरा जाळात टाकला. बोंड्या तिच्यामागे हळूहळू आला आणि तिचा हात चाटायला लागला. नागेश म्हणाला, "मायचा हात म्हणजे हात आहे बापा." मग सगळे जेवायला बसले. भागीरथेला घास गोड लागला नाही, पण तिने मनाची समजूत घातली. कुत्र्याची जात. चपला खातात, चिंध्या खातात. दोऱ्याचं काय, जाईल वाटेने.

दुसऱ्या दिवशी गोदामात नागेशकडूनच बातमी पोचली होती. तानबा म्हणाला, "काय जी डॉक्टरीणबाई, आपल्या बैलाच्या पोटात दुखून राह्यलं, केव्हा येता?" सगळे हसले. शेठचा मुलगाही हसला. भागीरथाही हसली. खरं सांगायची ती दुसरी वेळ होती, आणि पहिलीपेक्षा अवघड. घरात दोघांसमोर म्हणायचं होतं, आता गोदामासमोर म्हणावं लागलं असतं.

संध्याकाळी बोंड्याने भाकरीला तोंड लावलं नाही. सोनमने विचारलं, "आई, याच्या पोटात काही राह्यलं तं नाई ना?"

"मटणाची हाडं खाल्ली असतीन कोठी. जड झालं असंन," भागीरथा म्हणाली. रात्री तिने जवसाचं तेल कोमट करून त्याच्या घशात ओतलं. तेलाने काय घसरत नाही? तिच्या डोक्यात अजून पोतं, शिवण आणि ओढणं हेच होतं. मग ती त्याच्याशेजारी बसून बोलत राहिली. गोंडीत तिने त्याला सगळं खरं सांगितलं. दोरा तुटला, माझ्याच हातून तुटला, तू आता तो बाहेर टाक बाबा, आणि माझी लाज राख. तो मान या बाजूला, त्या बाजूला करत नव्हता. नुसता तिच्याकडे बघत होता. जगात ज्या एकाला तिने खरं सांगितलं, त्याला ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नव्हतं.

पुढचे दिवस असेच गेले. बोंड्या पाणी प्यायचा आणि ओकायचा. पाठीची कमान करून उभा राहायचा, बसायला गेला की कण्हायचा. भागीरथेने ताक पाजून पाहिलं, हळद पाजून पाहिली. रोज सकाळी तिला वाटायचं की आज नागेशला सांगून टाकावं. आणि रोज वाटायचं की आज सांगितलं तर तो विचारेल, मग कालच का नाही सांगितलं. लबाडी ही अशी असते. पहिल्या दिवशी ती ओंजळीएवढी असते आणि मग तिला रोज खायला घालावं लागतं. भागीरथा आयुष्यात कधी कोणाशी खोटं बोलली नव्हती, त्यामुळे तिला ते आवरायचं कसं हेही ठाऊक नव्हतं.

शेवटी सोनमच नागेशला म्हणाली, "तुमी आईले काई विचारू नका. उचला अन् घेऊन चला." नागेशने भाडं सोडलं आणि ऑटोत पोतं अंथरलं. भागीरथा मागे बसली, बोंड्याचं डोकं मांडीवर घेऊन. वर्ध्यापर्यंत ती त्याच्याशी बोलत होती. नागेशला पुढे ऐकू येत होतं, पण कळत काही नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीण होती, दिपाली नावाची, तरुण, शांत. तिने बोंड्याच्या पोटाला हात लावला तसा तो दात न दाखवता नुसता थरथरला. तिने त्याचं तोंड उघडून जिभेखाली पाहिलं आणि विचारलं, "काही गिळलं होतं का?"

"दोरा गिळला होता जी," नागेश म्हणाला. "पण मायनं तवाच काढला. पुरा."

डॉक्टरीण भागीरथेकडे वळली. "आई, ओढून काढला का?"

"हो जी."

"पूर्ण निघाला होता?"

बोंड्या टेबलावर होता आणि त्याचे डोळे भागीरथेच्या तोंडावर होते. तिने पदर हातात धरला.

"नाई," ती म्हणाली. "तुटला होता. मले दिसलं होतं. मी कोणाले सांगतलं नाई."

नागेशने आईकडे पाहिलं, मग पुन्हा कुत्र्याकडे. त्याने बोंड्याच्या पाठीवर हात ठेवला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीण रागावली नाही. रागावण्यात तिने वेळ घालवला नाही. आतली चित्रं काढून पाहिली आणि दोघांना समजावून सांगितलं. दोऱ्याचा एक भाग पोटात कुठेतरी अडकतो आणि बाकीचा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलत राहतं, दोरा येत नाही, म्हणून आतडंच दोऱ्यावर गोळा होतं, नाडीवर पायजमा गोळा होतो तसं. मग तो ताणलेला दोरा आतून कापत जातो. बाहेरून ओढला तरी तेच होतं. "टोक दिसलं म्हणून कधी ओढायचं नाही," ती म्हणाली. "तेल पाजायचं नाही, ओकायला लावायचं नाही. आहे तसं उचलायचं आणि त्याच दिवशी घेऊन यायचं. काय गिळलं, किती गिळलं, जेवढं ठाऊक असेल तेवढं सांगायचं. आता पोट उघडून बघते. पण उशीर झाला आहे, हे तुम्हाला आधीच सांगते."

उघडायच्या आधी तिने भागीरथेला आत येऊ दिलं. बोंड्याला सुई दिलेली होती, डोळे जड झाले होते. भागीरथा त्याच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. त्याचा कान हलला.

बाहेर बाकावर मायलेक बसून राहिले. भागीरथेच्या बोटांना सवय होती, ती पदराच्या काठाचा दोरा काढत होती. नागेशने तो हात धरून थांबवला आणि तसाच धरून ठेवला. तो म्हणाला, "मी काय केलं असतं व माय? रागावलो असतो का मी?"

"तू नसता रागावला," ती म्हणाली. "मले ठाऊक होतं."

"मंग?"

लोक हसतील म्हणून? तानबा हसला असता, खरं आहे. संध्याकाळपर्यंत हसला असता आणि विसरून गेला असता.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरच कळलं. आतडं ठिकठिकाणी कापलं गेलं होतं, आत सगळं नासलं होतं. शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने त्याला त्याच झोपेत जाऊ दिलं होतं.

"त्याच दिवशी आणलं असतं तं?" भागीरथेने विचारलं.

खोटं बोलून म्हातारीला धीर देणं डॉक्टरणीला जमलं असतं, पण ती म्हणाली, "तेव्हा बरंच सोपं होतं, आई."

त्याला घरी आणलं आणि घरामागच्या नाल्याकाठी, सागाच्या झाडाखाली पुरलं. गुंडाळायला भागीरथेने नवं पोतं घेतलं आणि त्याचं तोंड हाताने शिवलं, दाभणाने, जाड टाके घालून. सोनम रडत होती. तिला पानं टाकल्याचं लागून राहिलं होतं. भागीरथा तिला म्हणाली, "तुह्यं काई नाई त्यात, पोरी. तू तं मले विचारलं होतं. मीच लपवलं."

गोदामात गेल्यावर तिने तानबाला आणि सगळ्यांना खरं सांगितलं. दोरा तुटला होता, मला दिसलं होतं, मी लपवलं, आणि कुत्रा मेला. तानबाच्या घरीही कुत्रा आहे. "तुह्यानं काही गिळलं तं ओढजो नको," ती त्याला म्हणाली. "सरळ वर्ध्याले नेजो. अन् काय झालं थे सांगजो." तानबा हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "हो जी, भागीरथाबाई." इतकं सोपं होतं ते. तिला तेच सहन झालं नाही, की ते इतकं सोपं होतं. त्या दिवशी तिने एकही पोतं ओढून उघडलं नाही, चाकू घेतला, आणि शेठच्या मुलाने फाटलेल्या पोत्यांबद्दल तिला काही विचारलं नाही.

चार-आठ दिवसांनी नागेशनेच विषय काढला. "दुसरं पिल्लू आणू का, माय? आंजीले माह्या दोस्ताकडे आहेत." भागीरथा नको म्हणाली. पिल्लू लहानाचं मोठं व्हायला वेळ लागतो, आणि भाषा कळायला लागायला त्याहून. तेवढी वर्षं आपल्याजवळ आहेत की नाहीत, हे तिने मनातल्या मनात मोजलं होतं. नागेशजवळ ती ते बोलली नाही. मग तिला वाटलं, हेही आपण बोलत नाही. पण तोवर तो गाडी काढून निघाला होता.

संध्याकाळी गोदामातून आली की ती अजून अंगणात बसते. एक दिवस सोनम दिवा लावून बाहेर आली, तर सासू नाल्याच्या बाजूला तोंड करून हलक्या आवाजात बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. सोनम दारातच उभी राहिली. तिला एक शब्द कळत नव्हता, पण आज पहिल्यांदाच तिला तो कळावा असं वाटलं.

"कोणाशी बोलून राह्यल्या, आई?" तिने विचारलं.

भागीरथा दचकली. तिने सुनेकडे पाहिलं, समोरच्या रिकाम्या अंगणाकडे पाहिलं.

"कोणाशीच नाई," ती म्हणाली.